हलकी बटणं

माणसाचा हात हातात घेतला की मला त्याच्या तोंडापेक्षा जास्त कळतं. ही फुशारकी नाही, धंदाच तसा आहे. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या उत्तर टोकाला, जिथून रिफायनरीच्या चिमण्या दिसतात, तिथे आमच्या घराच्या गॅरेजमध्ये बसून मी व्हिडिओ गेमचे कंट्रोलर उघडते आणि ज्याच्या त्याच्या हाताला बसतील असे करून देते. त्याआधी सोळा वर्षं मी मोटारींच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवत होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा माझ्यापाशी एवढीच विद्या शिल्लक होती, की माणसाला कुठे टोचतं आणि ते टोचणं कसं घालवायचं.

कंट्रोलर बनवणाऱ्या कंपन्यांवर माझा जुना राग आहे. कुठल्यातरी सरासरी हाताचं माप घेतात आणि जगभर तेच खपवतात. सरासरी हात मी अजून पाहिलेला नाही. आमच्या खेळणाऱ्यांत ताविता नावाचा एक सामोआ बेटांवरचा गडी आहे, गोदामात माल चढवतो. त्याच्या पंजात कंट्रोलर साबणाच्या वडीएवढा दिसतो, म्हणून त्याच्यासाठी मी दोन्हीकडच्या मुठी दोन बोटं लांब केल्या. एका नर्सबाईंना रबराने खाज सुटते, त्यांना मुठींवर पातळ कातडं शिवून दिलं. एकाला बटणं दगडासारखी हवीत, दुसऱ्याला लोण्यासारखी. कुणी अंगठ्याखालच्या दांड्या उंच मागतो, तर कुणी म्हणतो दांड्या उपटून फेक, मला नुसती फुली दे. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं बटण असतं, त्याला आम्ही फुली म्हणतो. आवडीनिवडीला कारण विचारायचं नसतं हे मी लवकर शिकले. चपलेसारखंच आहे, कुठे चावते ते घालणाऱ्यालाच ठाऊक.

हा शहाणपणा गिऱ्हाइकांपुरता होता. सख्ख्या भावाच्या वेळी तो कुठे गेला होता कोण जाणे.

स्टॅव्ह माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. टाइल्स बसवायचं काम करायचा. बायकोशी फारकत झाल्यावर दोन आठवड्यांसाठी म्हणून माझ्याकडे आला आणि नऊ वर्षं राहिला. मला त्याची कधी अडचण झाली नाही, उलट आई गेल्यावर घरात भांडायला कुणीतरी लागायचंच. तो मारामारीचे गेम खेळायचा, समोरासमोर दोन माणसं उभी राहून एकमेकांना बदडतात ते. त्याच्या कंट्रोलरची बटणं त्याने स्वतः इतकी कडक करून घेतली होती की मला दाबताना अंगठा दुखायचा.

"हे बटण आहे का दाराची कडी?" मी म्हणायचे.

"मी दाबलं की त्याने उलट ढकललं पाहिजे, डेझ. नाहीतर मला कसं कळणार मी दाबलं ते?"

"पडद्यावरचा माणूस लाथ मारतो ना, तेव्हा कळतं."

"तोवर उशीर झालेला असतो. तू सीटा शिव."

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बोल्स क्लबच्या मागच्या हॉलमध्ये आमची स्पर्धा असते. बाहेर हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी मंडळी गोळे घरंगळवत असतात, आत आमची माणसं पडद्यावर एकमेकांची हाडं मोडत असतात, आणि दुपारी दोघांची सॉसेजं एकाच तव्यावर भाजली जातात. ब्रॉनी सगळं चालवते. ती टपाल खात्यातून निवृत्त झालेली आहे, नियमाच्या बाबतीत सख्ख्या आईलाही सोडणार नाही. तिने भिंतीवर दोन नियम डकवले आहेत. चालू फेरीत ज्याच्या कंट्रोलरने खेळ थांबेल, त्याची ती फेरी गेली. आणि वायरलेसवाल्यांनी खुर्चीतून उठण्याआधी कंट्रोलरची मशीनशी असलेली जोडणी तोडायची. ती तशीच ठेवून कंट्रोलर पिशवीत टाकला आणि आत काही दाबलं गेलं, तर भलत्याच माणसाचा खेळ मध्येच थांबतो. असं झालं तर ती फेरी पुन्हा खेळवतात आणि पिशवीवाल्याला वर्षभर टोमणे खावे लागतात. आम्ही दोघं जन्माचे वायरवाले. वायर उपटली की काम संपलं. दुसरा नियम आमच्यासाठी नाहीच असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्याच्या गेल्या सप्टेंबरात स्टॅव्हच्या हातून टाइल निसटली. आठवड्यात तीन निसटल्या. नोव्हेंबरात डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार म्हणून सांगितलं. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरतात, औषध नाही. सुरुवात डाव्या हातापासून. परतताना गाडीत तो म्हणाला, "बरं झालं, डावखुरा नाही," आणि मी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून रडले. तो खिडकीबाहेर बघत बसला होता.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात त्याने मला त्याचा निर्णय सांगितला.

"मी खेळत राहणार. जमेल तोवर. पण एक ठरवलंय. ज्या दिवशी बोट माझ्या मनाविरुद्ध काही करेल, त्या दिवशी बंद."

"आणि बोट हललंच नाही तर?"

"ते चालेल. थकलं असेल, मी हरेन. हरायची मला सवय आहे, तुझ्याबरोबर राहतो ना. पण मी न सांगता त्याने काहीतरी केलं, तर मग ते माझं राहिलं नाही. लोकांनी माझी कीव करत खेळायचं आणि ब्रॉनीने नियम सैल करायचे, हे मला नको. मीच थांबणार. कुणी सांगण्याआधी."

मी हो म्हटलं. अशा वेळी दुसरं काय म्हणणार.

जानेवारीत त्याचा डावा अंगठा लवकर दमू लागला. त्याच्या त्या दगडी बटणांवर तो दहा मिनिटं खेळायचा आणि नंतर पंजा मांडीवर ठेवून तासभर बसायचा. मला ते बघवेना. मी कंट्रोलर मागितला, त्याने दिला नाही. दोन दिवसांनी तो फिजिओकडे गेला होता तेव्हा मी दोन नवे कंट्रोलर उघडले आणि सगळ्या स्प्रिंगा बदलल्या. नुसता अंगठा टेकला तरी बटण दाबलं जावं इतक्या हलक्या. वायर त्याच्या मनगटाला ओढ देत होती, म्हणून वायरलेसच घेतले. मुठींना फोम लावला. दोन्ही हुबेहूब सारखे, एक खेळायला, एक राखीव. माझ्या आयुष्यातलं ते सर्वात सफाईदार काम होतं.

त्याने हातात घेतला, फुलीवर अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"काही कळत नाही गं. दाबलं का नाही दाबलं, काहीच कळत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल कसा लागतो, तसं."

"दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? दुखत नाही एवढंच. मला माझी वायर दे, माझी बटणं दे, मी दहा मिनिटं खेळेन. त्या दहा मिनिटांत मला कळत असतं मी काय करतोय ते."

"आणि पुढचा तासभर हात चोळत मी बसते, ते कोण बघणार? हट्ट सोड स्टॅव्ह. लोकांना मी याच कामासाठी लागते."

"लोक तुझ्याकडे स्वतःहून येतात," तो म्हणाला. "मी आलो होतो का?"

मी जुना कंट्रोलर कपाटात टाकून कुलूप लावलं. थट्टा म्हणून नाही, खरंच लावलं. मी मोठी बहीण आहे आणि मला वाटत होतं की माझंच बरोबर आहे. त्याने चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी नवा कंट्रोलर उचलला. आणि खरं सांगायचं तर त्याचा खेळ सुधारला. दोन-दोन तास बसायला लागला. पण खेळताना आता तो मध्येच आपल्या अंगठ्याकडे बघून घ्यायचा, अंगठा जागेवर आहे ना म्हणून. पूर्वी तो कधी हाताकडे बघत नसे. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

मार्चचा पहिला शनिवार म्हणजे वर्षाच्या चषकाचा दिवस. बारा वर्षांत स्टॅव्ह चार वेळा अंतिम लढतीला पोचला होता आणि चारही वेळा मार खाऊन आला होता. त्या सकाळी आम्ही लवकर गेलो. कोपऱ्यातलं मोठ्या पडद्याचं मशीन रिकामं होतं. त्यावर मी राखीव कंट्रोलर जोडला आणि सगळी बटणं तपासली. तेवढ्यात ब्रॉनीने हाक मारली, कांदे चिरायला कुणी नव्हतं. मी कंट्रोलर पिशवीत टाकला आणि गेले. जोडणी तोडायची राहिली हे माझ्या मनातही आलं नाही.

स्टॅव्ह त्या दिवशी असा खेळला की ज्यांना आजाराचं माहीत होतं तेही विसरले. एकेकाला घरी पाठवत तो पाचव्यांदा अंतिम लढतीत आला. समोर ताविता. मोठा पडदा म्हणून लढत कोपऱ्यातल्या मशीनवर लावली. बाहेरचे म्हातारेही कागदात सॉसेज घेऊन दारात येऊन उभे राहिले. मी त्याच्या मागच्याच खुर्चीत, पिशवी मांडीवर.

"जपून हो दादा," ताविता त्याला म्हणाला. "आज तुझं काही खरं नाही."

"तू तुझ्या त्या फावड्यांनी बटणं शोध आधी," स्टॅव्ह म्हणाला.

पाच फेऱ्यांची लढत. दोन फेऱ्या ताविताने घेतल्या, पुढच्या दोन स्टॅव्हने. पाचव्या फेरीत ताविताचा जीव नखाएवढा उरला आणि स्टॅव्हचा अर्धा. मी थर्मासमधून घोटभर चहा घेतला, पडद्यावरची नजर न काढता थर्मास पिशवीत कोंबला, आणि पडदा काळवंडला. पडद्यातली माणसं जागच्या जागी थिजली आणि वर मशीनचा मेनू आला. खेळ थांबला होता.

ब्रॉनी पुढे आली.

"कुणी थांबवलं?"

ताविताने दोन्ही हात वर केले. "मी नाही."

"स्टॅव्ह?"

स्टॅव्ह आपल्या अंगठ्याकडे बघत होता. कंट्रोलरच्या मधोमध ते थांबवायचं बटण असतं, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये. त्याचा अंगठा फुलीवरच होता, पण थरथरत होता.

"मीच असणार," तो म्हणाला.

"असणार म्हणजे? लागलं का तुझं बोट?"

"कळलं नाही मला. बटणंच अशी आहेत की..." तो थांबला. माझ्याकडे वळून बघितलं नाही त्याने. "कळलं नाही, ब्रॉनी. पण दुसरं कोण असणार? माझंच बोट."

"अरे सोडा ना," ताविता म्हणाला. "पुन्हा खेळू ही फेरी. एवढं काय त्यात?"

"आठ वर्षांत तू मला एक लाथ फुकट दिली नाहीस. आज देऊ नकोस."

"तसं नाही रे, दादा..."

"नियम काय आहे, ब्रॉनी? मोठ्याने वाच."

ब्रॉनीने वाचला नाही. तिने ताविताचा हात वर केला आणि तशीच बाहेर निघून गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. स्टॅव्हने कंट्रोलर खाली ठेवला, उठण्याआधी जोडणी तोडली, नियमाप्रमाणे, आणि ताविताचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन हलवला.

गाडीपाशी आल्यावर किल्ल्या काढायला मी पिशवीत हात घातला. थर्मास आडवा पडला होता, त्याचं बूड राखीव कंट्रोलरच्या मधल्या बटणावर होतं, आणि कंट्रोलरचा निळा दिवा लागलेला होता. मी तिथेच उभी राहिले. थर्मास कोंबला तो क्षण आणि पडदा काळवंडला तो क्षण, दोन्ही एकच होते. आणि त्या थर्मासला जोर लावावा लागलाच नव्हता, कारण ती बटणं मी हलकी केली होती.

हॉलचं दार उघडं होतं. ब्रॉनी आत खुर्च्या लावत होती, ताविता चषक काखेत मारून कुणाशीतरी बोलत होता. वीस पावलं गेले असते आणि पिशवी उघडून दाखवली असती, तर फेरी पुन्हा खेळली गेली असती. स्टॅव्ह गाडीत बसून डावा अंगठा उजव्या हाताने चाचपत होता. मी दिवा विझवला, जोडणी तोडली आणि गाडी सुरू केली.

का? मी हे स्वतःला शंभर वेळा विचारलं आहे. मला लाज वाटली, हे पहिलं. वायर मी काढली होती, बटणं मी बदलली होती, जुना कंट्रोलर कुलपात मी ठेवला होता. सगळ्या हॉलसमोर कबूल करायचं, की ज्या बाईकडे तुम्ही आपले हात घेऊन येता तिनेच भावाचा चषक घालवला, आणि तोही नवशिक्या पोरांच्या चुकीने. माझी छाती झाली नाही. आणि दुसरं, जे सांगायला जीभ रेटत नाही, ते म्हणजे मला थोडं सुटल्यासारखं वाटलं. आता हे संपेल, आता तो घरी शांत बसेल, त्याचे हात रात्रंदिवस चोळावे लागणार नाहीत. मी दमले होते.

घरी येऊन त्याने कंट्रोलर माझ्या टेबलावर ठेवला.

"कुणाला उपयोगी पडला तर दे."

"एकदा चूक झाली म्हणून लगेच..."

"चूक मी करतो तेव्हा मला कळते. ही मला कळलीच नाही. मी म्हणालो होतो ना तुला? ते बोट आता माझं नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं. तो उभा होता, मी बसले होते, मध्ये फक्त टेबल होतं. मी म्हणाले, "चहा करू का?"

एप्रिलचा पहिला शनिवार आला. मी विचारलं, जायचं का नुसतं बघायला. नको म्हणाला. त्या सकाळी त्याने आपल्या शर्टाची सगळी बटणं आपण लावली, गळ्याजवळचं धरून. मी दारात उभी राहून मोजली. मे महिन्यात त्याने ऑलिव्हच्या बरणीचं घट्ट झाकण मला मागे सारून स्वतः उघडलं. बरणीचं झाकण उघडणारा माणूस कंट्रोलर का धरू शकणार नाही? माझी हलकी बटणं तर नक्कीच. रोज काहीतरी असं दिसायचं आणि मी ते मोजून ठेवायचे. जूनमध्ये काटा त्याच्या हातून पडायला लागला, आणि मला त्याचं जवळजवळ बरं वाटलं. असं वाटून घेणारी मी एकटीच बहीण असेन.

पुढे आणखी अवघड झालं. जो येईल त्याला तो सांगू लागला, फिजिओला, शेजारणीला, मेलबर्नहून आलेल्या चुलतभावाला. "मला कुणी थांबवलं नाही. मी मार्चमध्ये स्वतः थांबलो. बोटांनी फसवायला सुरुवात केली आणि मी त्याच दिवशी ओळखलं." त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं सांगायला, आणि तो ते मान ताठ करून सांगायचा. पहिले दोन-तीन महिने मी माझ्यासाठी मूग गिळून बसले होते. नंतर म्हणू लागले की मी त्याच्यासाठी गप्प आहे. हे दुसरं कारण इतकं सोयीचं होतं की मला त्यावर झोप लागायची.

जुलैत दोन्ही हात गेले. ऑगस्टच्या थंडीत तो खुर्चीत, मांडीवर शाल, आणि हात शालीवर ठेवलेले. बोलणं जड झालं होतं पण समजत होतं. ताविता दर रविवारी यायचा, शेजारी बसून हॉलमधल्या भानगडी सांगायचा. चषक त्याने घरी नेलाच नव्हता, ब्रॉनीच्या कपाटात ठेवला होता. त्या रविवारी मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा तो पायरीवर घुटमळला.

"एक विचारू का? कुणाला बोललो नाही."

"विचार."

"मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. त्याचा अंगठा मला दिसत होता, माझं लक्षच होतं तिकडे. तो मधल्या बटणाकडे गेलाच नाही. स्टॅव्ह म्हणाला गेला, म्हणून मी गप्प बसलो. त्याचा हात, त्याला माहीत. पण मला अजून तो अंगठा दिसतो." तो माझ्याकडे बघत होता. "त्या कंट्रोलरमध्ये काही बिघाड होता का?"

"माझ्या कंट्रोलरमध्ये बिघाड नसतो," मी म्हणाले.

तो मान हलवून गेला. एवढा मोठा माणूस, फाटक हळू लावतो.

मी स्वयंपाकघरात जाऊन सूप गरम केलं, आईच्या पद्धतीचं, अंडं आणि लिंबू घालून घट्ट केलेलं. वाटी घेऊन त्याच्यासमोर बसले. एक चमचा त्याने घेतला. दुसरा घेतला नाही.

"काय म्हणत होता तो?"

"काही नाही. हवा थंड आहे म्हणाला."

"डेझ, दार उघडं होतं."

चमचा माझ्या हातात होता. त्याच्या मागे खिडकीत रिफायनरीचा धूर सरळ वर चालला होता. मी सांगितलं. कांदे चिरायला गेले तिथपासून, थर्मास, निळा दिवा, गाडी, वीस पावलं, सगळं. का गप्प बसले तेही सांगितलं, सुटल्यासारखं वाटलं तेसुद्धा. सांगताना मला वाटत होतं की तो ओरडेल. ओरडायला लागणारी ताकद त्याच्यात नव्हती, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

तो म्हणाला, "म्हणजे माझं बोट नव्हतं."

"नव्हतं."

"अंगठा फुलीवर होता. मला तसंच वाटत होतं." तो श्वास घ्यायला थांबला. "मग एप्रिलमध्ये मी खेळू शकलो असतो."

"हो."

"मेमध्ये?"

"हो."

"जून?"

मी पडणारा काटा आठवला. "थोडा वेळ. दहा मिनिटं तरी."

"जुलै?"

"नाही, स्टॅव्ह. जुलैत नाही."

"तीन," तो म्हणाला. "तीन शनिवार."

मी म्हणाले की मला माफ कर. मी दोनदा म्हणाले. त्याने मान खिडकीकडे वळवली, तेवढी अजून वळत होती. मी वाटी पुन्हा गरम करून आणली, चमचा भरला, त्याच्या ओठांशी नेला. त्याने ओठ मिटून घेतले. मला वाटलं गरम असेल. मी फुंकर घातली आणि पुन्हा नेला. त्याने ओठ उघडले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. मी चमचा तसाच धरून किती वेळ बसले मला माहीत नाही, सूप चमच्यातच थंड होऊन त्यावर साय आली.

सहा वाजता नगरपालिकेची मदतनीस बाई आली. तिच्या हातून त्याने सगळी वाटी संपवली, आणि तिने विचारल्यावर चांगलं झालंय म्हणाला. आता तीच भरवते, दोन्ही वेळा. मी सूप करून वाटी तिच्या हातात देते.